‘गरोदरपणात असं होतंच’ : एका नैराश्याचं प्रकरण

वय ३१, गरोदरपणाचा चोविसावा आठवडा. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या : झोप लागत नाही. बाळाची हालचाल कमी वाटते म्हणून एकाच आठवड्यात तीनदा येऊन गेली, तिन्ही वेळा सगळं व्यवस्थित. कृपया पाहावं.

पुढे लिहिलं आहे ते कुणा एकीचं प्रकरण नाही. गरोदर बायकांच्या मानसिक आजारांत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका बाईच्या अंगावर ठेवून हे प्रातिनिधिक प्रकरण रचलं आहे, म्हणून तिला नाव दिलेलं नाही. आजार, तपासण्या आणि औषधांबद्दलची माहिती मात्र खरी आहे. हे सविस्तर लिहायचं कारण एकच. या आजाराची जवळजवळ प्रत्येक खूण गरोदरपणाच्या नावावर सहज खपून जाते, आणि त्यात महत्त्वाचे महिने निघून जातात.

पहिली भेट

ती नवऱ्याबरोबर आली. त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यानंच दिली. त्यात दादागिरी नव्हती, धास्ती होती. "तशी ती हसतमुख आहे डॉक्टर, फक्त काळजी फार करते," तो म्हणाला. तिनं मान हलवली.

तक्रारी विचारल्या. झोप तुटक. अंगात त्राण नाही. जेवण जात नाही. छातीत धडधडतं. हातातलं काम विसरायला होतं. हीच यादी घेऊन ती आधी तीन जणांकडे जाऊन आली होती, आणि तिघांनीही तिला तेच सांगितलं होतं : अहो, गरोदरपणात असं होतंच. खरंही आहे ते. पोट वाढलं की कूस बदलताना जाग येते, रक्ताचं प्रमाण बदलतं, हृदयाचे ठोके वाढतात, थकवा येतो. निरोगी गरोदर बाईची आणि नैराश्यातल्या गरोदर बाईची शारीरिक तक्रारींची यादी शेजारी शेजारी ठेवली तर कुठली कुणाची हे सांगता येणार नाही.

म्हणून इथे शरीराबद्दलच्या प्रश्नांनी फारसं निष्पन्न होत नाही. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एडिनबरो प्रश्नावली याच अडचणीतून आली. ती मुळात बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी होती, पुढे गरोदरपणातही वापरली जाऊ लागली. १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०, आणि सगळे प्रश्न गेल्या ७ दिवसांबद्दलचे. थकवा, भूक, वजन यांतलं काहीच ती विचारत नाही. गमतीच्या गोष्टीत गंमत वाटली का, पुढच्या गोष्टींची वाट पाहावीशी वाटली का, काही बिनसलं की विनाकारण स्वतःला दोष दिला का, असं विचारते. झोपेचाही एक प्रश्न आहे, पण त्याची मांडणी बघा : इतकं वाईट वाटतंय की त्यामुळे झोप लागणं कठीण झालंय, असं झालं का? पोटामुळे उडालेली झोप आणि मनामुळे उडालेली झोप या एका वाक्यात वेगळ्या होतात.

तिनं कागद भरला. ११ गुण. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो. त्यावर तिनं ‘कधीच नाही’ या उत्तराला खूण केली होती. साधारणपणे १३ किंवा त्याहून जास्त गुण आले की आजाराची शक्यता दाट मानतात. मी ‘सौम्य, लक्ष ठेवावे’ असं लिहिलं आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

इथे माझी चूक झाली. कागद भरताना नवरा तिच्या खांद्यावरून वाचत होता. ते मला दिसत होतं आणि मी त्याला बाहेर बसायला सांगितलं नाही. दारापाशी पोचल्यावर ती वळून म्हणाली, "हे कागद नंतर घरी मिळतात का?" मी नाही म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तिनं ते का विचारलं हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

दोन दिवसांनी तिला एकटीला बोलावून घेतलं. तोच कागद, तीच बाई. १९ गुण. दहाव्या प्रश्नावर ‘क्वचित’.

एकटी असताना

‘क्वचित’वर थांबून चालत नाही. मी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का? स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतं का? कसा, याचा कधी विचार केलाय?" अशा प्रश्नानं मनात नसलेलं येईल ही भीती अजून अनेकांना वाटते, डॉक्टरांनासुद्धा. तसं होत नाही. बहुतेकींना मोकळं वाटतं, कारण इतके दिवस एकटीनं वाहिलेलं दुसऱ्या कुणी तरी नाव घेऊन विचारलेलं असतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "झोपले आणि उठलेच नाही तर बरं, असं वाटतं. मी काही करणार नाही. पोटात ते आहे ना."

‘ते’ म्हणाली. त्या पाऊण तासात ‘बाळ’ हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. ‘ते’, ‘रिपोर्ट’, ‘हालचाल’. बाळासाठी घरात काहीच आणलेलं नव्हतं. पोटावर हात ठेवायची तो मोजण्यासाठी.

मग मागचं निघालं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वेळी एकोणिसाव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले होते. कारण सापडलं नाही. पुढे काही महिने ती अंथरुणातून उठत नव्हती, तेव्हा नैराश्याचं निदान झालं आणि सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम सुरू झालं. दीड वर्ष छान गेलं. कामावर परतली, हसू लागली. या वेळी चाचणी होकारार्थी आली त्याच दिवशी तिनं गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं.

कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं, आणि अशा गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात हेही कुणी सांगितलं नव्हतं. नाव नोंदवताना ‘सध्या कुठली औषधं चालू आहेत?’ या रकान्यात तिनं ‘नाहीत’ लिहिलं. त्या दिवशी ते खरंच होतं. आधी चालू होती का, कधी थांबवली, का थांबवली, असा रकानाच नव्हता.

गोळी एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत गरगरलं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं, उगाच रडू यायचं. औषध अचानक तोडल्याची ही ओळखीची लक्षणं. ती आणि घरचे, सगळ्यांनी ती डोहाळ्यांच्या खात्यात टाकली. नंतर महिनाभर बरं गेलं. चौथ्या महिन्यापासून मात्र दिवस जड होऊ लागले.

एकोणिसावा आठवडा पार पडला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आता तिला हायसं वाटेल, अशी सगळ्यांची खात्री होती. झालं उलटंच. "तोपर्यंत मला निदान माहीत होतं की कधी घाबरायचं. आता कुठलाही दिवस असू शकतो," ती म्हणाली. मागे मूल गमावलेल्या बाईकडे आपण कॅलेंडर घेऊन पाहतो, अमुक आठवडा टळला की भीती संपली असं धरतो. ही समजूत किती वरवरची असते ते या वाक्यात आहे.

काळजीची काळजी

रात्री झोप न लागण्याचं खरं कारण तिसऱ्या भेटीत कळलं. पोटावर ठेवून ठोके ऐकायचं छोटं डॉप्लर यंत्र तिनं मागवलं होतं. नवरा झोपला की न्हाणीघरात जाऊन ऐकायची, एका रात्रीत आठ-आठ, दहा-दहा वेळा. ठोके लगेच सापडले तर वीस मिनिटं शांत, नाही सापडले तर घामानं डबडबलेली. दवाखान्यातल्या त्या तीन फेऱ्या अशाच रात्रींनंतरच्या होत्या.

हे यंत्र घरी वापरू नका असं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात ते उगाच नाही. अनभ्यस्त कानाला आईच्या रक्तवाहिनीचा किंवा वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज बाळाच्या ठोक्यासारखा वाटू शकतो. मग खरोखर हालचाल मंदावलेली असतानाही आई ‘ऐकू तर येतंय’ म्हणून घरी थांबते. उलट, सगळं ठीक असताना यंत्राची जागा दोन बोटं चुकली की काही ऐकू येत नाही आणि आभाळ कोसळतं.

या सगळ्यावर आणखी एक ओझं होतं, आणि ते मला सर्वांत क्रूर वाटतं. आई, मावशी, शेजारीण, ऑफिसातल्या मैत्रिणी, जो भेटेल तो सांगायचा : आनंदी राहा, तुझ्या मनाचा बाळावर परिणाम होतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच. पण जिला आनंदी राहता येत नाही तिला या वाक्यातून ऐकू येतं की तू बाळाचं नुकसान करते आहेस. ती काळजी करायची, आपण काळजी करतो म्हणून घाबरायची, आणि घाबरलो म्हणून पुन्हा काळजी. मागचं बाळही आपल्या ताणामुळेच गेलं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

यावर तिला काय सांगायचं याचा मी विचार करून ठेवला होता, कारण खोटा दिलासा देऊन भागणार नव्हतं. दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या नैराश्याचा आणि वेळेआधी बाळंत होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा संबंध अभ्यासांत दिसला आहे, हे खरं. पण तो आजाराबद्दल आहे, एखाद्या दिवशी रडण्याबद्दल नाही. आजारासाठी माणसाला दोष देत नाहीत, उपचार देतात. मी म्हटलं, "गरोदरपणात साखर वाढली तर तुम्ही मनावर ताबा ठेवून ती उतरवायचा प्रयत्न कराल का? हेही तसंच आहे. आनंदी राहायचं काम तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे काम एवढंच की ठरलेल्या वेळी इथे यायचं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नजर वर करून पाहिलं.

निदान

मन दुखतंय म्हणून रक्त तपासायचं नाही, असं करता येत नाही. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. मधल्या तिमाहीत १०.५च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, म्हणजे थकव्यातला एक वाटा तिकडचा होता. लोह सुरू केलं. थायरॉइड आणि बी-१२ ठीक होते. धडधड आणि अस्वस्थता हे थायरॉइडचंही रूप असू शकतं, म्हणून ती तपासणी मी टाळत नाही.

उन्मादाचे झटके पूर्वी कधी येऊन गेले का, म्हणजे झोपेची गरज न वाटता दिवसेंदिवस अफाट उत्साह, घरात कुणाला असा त्रास, हे खोदून विचारलं. द्विध्रुवी आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य असा आजार, असेल तर नुसती नैराश्याची गोळी देणं धोक्याचं, आणि अशा बाईला बाळंतपणानंतर तीव्र मनोविकाराचा धोका कितीतरी जास्त. तिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. भास नव्हते, भ्रम नव्हते. घरात मारहाण, धाक, पैशांची अडवणूक होते का, हेही ती एकटी असतानाच विचारलं. नाही म्हणाली, आणि ते मला पटलं. तरी पुढेही एकदा विचारायचं म्हणून नोंद करून ठेवली, कारण अशा प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या खेपेला मिळेलच असं नसतं.

निदान लिहिलं : नैराश्याची पुनरावृत्ती, मध्यम ते तीव्र, सोबत ठळक चिंता, आणि अजून ओली असलेली जखम. ‘बाळंतपणानंतरचं नैराश्य’ हा शब्द आता लोकांच्या ओळखीचा झाला आहे, गरोदरपणातलं नैराश्य मात्र अजून अनोळखी आहे. वास्तविक अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदान-पुस्तिकेतच नोंद आहे की ज्यांना आपण बाळंतपणानंतरचं म्हणतो त्यांतली निम्मी प्रकरणं बाळ जन्मायच्या आधी सुरू झालेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर बायकांना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य सर्वांत पुढे. विकसनशील देशांत हे प्रमाण १५.६ टक्के. प्रत्येक तपासणीला वजन होतं, रक्तदाब होतो, लघवी तपासतात. मनाबद्दलचे दोन प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही : गेल्या महिन्यात सतत उदास, निराश वाटत होतं का? कशातच रस, आनंद वाटेनासा झालाय का? तिला चोवीस आठवड्यांत ते कुणी विचारले नव्हते.

गोळीचा निर्णय

सौम्य आजारात आधी बोलण्याचे उपचार करून पाहतात. इथे मरणाचे विचार होते, आधीचा आजार होता आणि पूर्वी याच औषधानं चांगला गुण आला होता. पुन्हा सर्ट्रालिन सुरू करावं असं माझं मत झालं. पण मत माझं आणि पोट तिचं. म्हणून एक अख्खी भेट यासाठीच ठेवली, आणि तिच्या परवानगीनं नवऱ्यालाही बोलावलं.

त्याचा पहिला प्रश्न : "गोळी पूर्ण सुरक्षित आहे का?" मी म्हटलं, पूर्ण सुरक्षित असं काहीच नाही. गोळी घेण्यात थोडा धोका आहे आणि न घेण्यातही आहे. दोन्ही समोर ठेवू.

न घेण्याबद्दल २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास आहे. पूर्वी नैराश्य झालेल्या, औषधावर बऱ्या असलेल्या २०१ गरोदर बायकांचा. ज्यांनी औषध थांबवलं त्यांच्यात ६८ टक्क्यांचा आजार गरोदरपणात उलटला, ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यात २६ टक्क्यांचा. या बायका खास केंद्रांत येणाऱ्या, जुना आजार असलेल्या होत्या, तेव्हा हे आकडे सरसकट सगळ्यांना लावता येत नाहीत. पण तिचा इतिहास त्यांच्याशी मिळताजुळता होता.

घेण्याबद्दल : सर्ट्रालिनच्या गटातली औषधं शेवटच्या महिन्यांत घेतली असतील तर काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस चिडचिडी असतात, थरथरतात, दूध ओढायला त्रास होतो. बहुधा ते आपोआप निवळतं. नवजात बाळाच्या फुप्फुसांतला रक्तदाब वाढण्याचा एक गंभीर पण दुर्मीळ आजार आहे. तो एरवी हजार बाळांत साधारण दोघांना होतो, या औषधांच्या गटात साधारण तिघांना. ‘धोका दीडपट’ म्हटलं की थरकाप होतो, ‘हजारात दोनाऐवजी तीन’ म्हटलं की विचार करता येतो. आकडा तोच. तो कोणत्या शब्दांत सांगायचा याची जबाबदारी डॉक्टरची असते असं मी मानते.

सर्ट्रालिनच का? तिला त्याचा गुण माहीत होता, गरोदरपणात त्याचा अनुभव भरपूर आहे, आणि ते आईच्या दुधात फार कमी उतरतं. सगळी औषधं अशी नसतात. याच गटातलं पॅरोक्सेटिन गरोदरपणात नव्यानं सुरू करायचं शक्यतो टाळतात. व्हॅल्प्रोएट हे फिट्स आणि उन्मादावरचं औषध तर मूल होण्याच्या वयातल्या बाईला देण्याआधीच दहादा विचार करायचा असतो, कारण त्यानं सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग येतं आणि मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम त्याहून मोठा. म्हणून ‘मनाच्या गोळ्या’ असं एकच गाठोडं बांधून हो किंवा नाही म्हणणं चुकीचं आहे.

तिनं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, "सुरू करते." २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, आठवड्यानं ५०. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, तोपर्यंतचा काळ सांभाळायला वेगळी योजना लागते. घरातली सगळी औषधं नवऱ्याच्या ताब्यात. नको ते विचार आले तर सगळ्यात आधी कुणाला फोन करायचा, ते नसले तर कुणाला, रात्री-अपरात्री कुठे जायचं, हे तिच्याच अक्षरात एका कागदावर. आणि दर आठवड्याला भेट. ही योजना स्त्रीरोगतज्ज्ञांनाही कळवली, कारण तिला दोन वेगवेगळ्या फायली म्हणून वागवलं की मधल्या फटीत नेमकी तीच सापडते.

हालचाल

बोलण्याच्या उपचारात सर्वांत कठीण गाठ हीच होती. एरवी सतत खात्री करत राहण्याची सवय मोडायची म्हटलं की आम्ही सांगतो, तपासू नका, अस्वस्थता सोसा, ती आपोआप ओसरते. इथे तसं सांगणं धोक्याचं होतं. हालचाल कमी झाली तर ताबडतोब दाखवायला या, हा गरोदर बाईला दिला जाणारा अगदी योग्य सल्ला आहे. तिच्या भीतीचा विषय खोटा नव्हता, भीतीचं प्रमाण बिघडलं होतं.

म्हणून मी, ती आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ, तिघींनी बसून नियम ठरवला. यंत्र घरातून बाहेर. दिवसभर आकडे मोजायचे नाहीत, कारण सगळ्या बाळांना लागू पडेल असा एक आकडा नाहीच. आपल्या बाळाची रोजची पद्धत ओळखायची. संध्याकाळी एकदा डाव्या कुशीवर निवांत पडून लक्ष द्यायचं. नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळं वाटलं तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात फोन करायचा, आणि तिथे कुणी ‘पुन्हा आलात?’ म्हणायचं नाही. हे शेवटचं कलम तिनं स्वतः घालून घेतलं. त्या तीन फेऱ्यांपैकी तिसरीला कुणी तरी तसं म्हणालं होतं.

पहिल्या आठवड्यात तिनं कपाटातलं यंत्र दोनदा काढलं. घरातून बाहेर गेलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तिनं ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मग आम्ही मागच्या बाळाकडे वळलो. तिच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. तिला त्रास होईल म्हणून. ती बोलत नसे, घरच्यांना त्रास होईल म्हणून. मुलगी होती, हे मी विचारल्यावर तिनं सांगितलं. "तिला मी पाहिलं नाही. पाहू नका म्हणाले." पुढची दोन सत्रं आम्ही त्याच दोन वाक्यांभोवती होतो. कारण शोधलं गेलं होतं, सापडलं नव्हतं. अनेकदा सापडतच नाही. ताणामुळे गेली असं म्हणायला काही आधार नाही, हे मी सांगितलं. ते तिला एका दिवसात पटलं नाही. कधी कधी स्वतःचा दोष हे निष्कारण दुःखापेक्षा सोपं वाटतं, निदान त्यात कारण तरी असतं.

नवऱ्याला एका सत्रात एकट्याला भेटले. तोही रात्री जागा असायचा. ती न्हाणीघरात काय करते हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि काय बोलावं हे न सुचून तो झोपेचं सोंग घ्यायचा. "मी ‘आनंदी राहा’ म्हणायचो, कारण दुसरं वाक्यच येत नव्हतं." गरोदरपणात आणि पहिल्या वर्षात सुमारे १० टक्के बाबांनाही नैराश्य येतं असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. त्याला आजार नव्हता, पण तो एकटा पडला होता. त्याला एकच काम दिलं : रात्री ती उठली की तूही ऊठ. काही बोलायची गरज नाही.

पुढे

अठ्ठाविसाव्या आठवड्यात गुण १४, दहाव्या प्रश्नावर शून्य. या वेळी ती एकटी होती, म्हणून त्या शून्यावर मी विश्वास ठेवला. एकतिसाव्या आठवड्यात पुन्हा थोडी घसरली. शेवटच्या तिमाहीत शरीरातलं पाणी वाढतं, औषध लवकर बाहेर टाकलं जातं आणि तीच मात्रा अपुरी पडू शकते. ७५ केली. चौतिसाव्या आठवड्यात ९.

बाळंतपणाआधी पुढचं ठरवून ठेवलं : गोळी चालूच राहणार, बाळाला जन्मानंतर दोन-तीन दिवस बालरोगतज्ज्ञांच्या नजरेखाली ठेवायचं, रात्री सलग चार-पाच तास तरी तिला झोप मिळेल अशी पाळी लावायची, आणि दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात माझ्याकडे भेट. बाळंत झालेली बाई सगळ्या तपासण्यांतून एकदम मोकळी होते आणि नेमका तोच काळ नाजूक असतो. पहिल्या काही दिवसांतली झोप नसणं, अचानक विचित्र बोलणं, गोंधळणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं ही लक्षणं हजारात एक-दोघींत दिसतात, पण दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं, हे नवऱ्याला आणि तिच्या आईला लिहून दिलं.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. पहिले दोन दिवस थोडा थरथरायचा, दूध नीट ओढत नव्हता. तिसऱ्या दिवशी निवळला. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून कुणी गोळीला शिव्या दिल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "लोक म्हणतात पाहिल्याबरोबर माया दाटून येते. मला नाही आली. मला फक्त तो श्वास घेतोय ना, एवढंच दिसत होतं." मी म्हटलं, बऱ्याच जणींना येत नाही, आणि इतके महिने जपून दूर ठेवलेल्याला जवळ करायला वेळ लागणारच. तेव्हा मी आणखी काही बोलले नाही.

सहाव्या आठवड्यात गुण ७. बोलता बोलता तिनं बाळाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, त्याच्या मानेखाली हात सरकवला, बोलणं न थांबवता. पुढच्या भेटीची तारीख ठरवताना मी महिन्यानंतरची सांगितली. ती म्हणाली, त्याआधी एक दिवस हवा आहे. मुलीचे ठोके थांबले तो दिवस पुढच्या पंधरवड्यात येतो. त्या दिवसाची सकाळची वेळ तिनं मागून घेतली, दोघांसाठी.